पहिलें बटण आणि शेवटचें बटण

गेल्या हिवाळ्यांत शनिशिंगणापुरास आमच्या भगिनीच्या घरीं आठवडाभर राहण्याचा योग आला. नेवासें तालुक्यांतील हें गांव दोन गोष्टींसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. एक म्हणजे, तेथील देव उघड्या चौथऱ्यावर, छपराशिवाय उभा आहे. आणि दुसरी म्हणजे, घरांना दारें न लावण्याची गांवाची जुनी रीत. भगिनीच्या घरालाहि चौकट आहे, पण तिला कवाड नाहीं. एक पडदा आहे, आणि रात्रीं कुत्र्यामांजरांसाठीं आडवी लावावयाची एक फळी आहे. चोर तेथें येत नाहीं असा गांवाचा विश्वास. आवाज मात्र खुशाल येतो. उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेलें गाणें, यात्रेकरूंच्या मोटारी, तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांच्या आरोळ्या, हें सर्व माजघरापर्यंत न विचारतां चालत येतें.

अशा घरांत आमच्या भाच्यानें संगणक मांडला आहे. बाहेरच्या गलबल्यामुळें त्यास हेडफोन लावूनच ऐकावें लागतें. आणि ते हेडफोन मोठ्या व जड प्रकारचे असल्यामुळें त्यांस पुरेसा जोर मिळावा म्हणून त्यानें संगणकाच्या साउंड कार्डापुढें एक लहानसा ॲम्प्लिफायर जोडला आहे. पहिल्याच संध्याकाळीं त्यानें आम्हांस विचारलें, "मामा, आवाज दोन ठिकाणीं कमीजास्त होतो. पडद्यावर एक पट्टी आहे आणि ह्या डबीवर एक बटण. पट्टी पूर्ण ठेवून बटण कमी करूं, कीं बटण पूर्ण ठेवून पट्टी खालीं आणूं? ऐकायला तर दोन्ही सारखंच येतं."

दोन्ही सारखेंच येतें हें अर्धेंच खरें होतें, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आम्हीं पूर्वी एकदां मोजलेली होती. कारण हा प्रश्न विचारतांना भाच्याच्या हातांत एक जुनी कॅसेट होती. तिच्यावर आमच्या कैलासवासी मातोश्रींनीं जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत, आणि त्या त्यास संगणकांत उतरवून घ्यावयाच्या होत्या. ह्या कॅसेटच्या जोडीची दुसरी कॅसेट आमच्याच हातून कशी वायां गेली तें पुढें सांगूं. त्यापूर्वी ह्या दोन बटणांची हकीकत थोडी मागून पाहणें बरें. कारण आवाज कोणत्या कडीवर ठरवावयाचा हा प्रश्न संगणकापेक्षां पुष्कळच जुना आहे, आणि आपल्या महाराष्ट्रानें तो निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या रीतीनें सोडविलेला आहे.

शिंगणापुराहून नेवासें फार दूर नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, तेथें ज्ञानदेवांनीं गीतेवर निरूपण केलें आणि सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. ज्या खांबाशीं बसून हें निरूपण झालें असें परंपरा सांगते, तो पैस खांब आजहि तेथें दाखविला जातो. शब्द राहिले, आवाज राहिला नाहीं. तो खर्ज होता कीं बारीक, सावकाश होता कीं भरभर, हें कळण्यास कांहींच साधन नाहीं. १८७७ त एडिसननें फोनोग्राफ सिद्ध करीपर्यंत सर्व मनुष्यजातीची हीच स्थिति होती. बोलणाऱ्याचा कंठ आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यामध्यें हवेखेरीज कांहीं नव्हतें. बटण एकच, आणि तें कंठांत.

त्या एका बटणावर आपल्या पूर्वजांनीं काय काय साधलें याची आज कल्पना येत नाहीं. कीर्तनकार देवळाच्या सभामंडपांत उभा राहून शेवटच्या खांबाआडच्या म्हातारीपर्यंत आवाज पोंचवी. तमासगिराला तर मंडपहि नसे. उघड्या माळावर हजार माणसांना लावणी ऐकवावयाची म्हणजे पट्टी उंचच लागे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'नें संगीत नाटकाचें युग सुरू केलें, तेव्हां नटास हाच दंडक लागू झाला. पिटांतल्या प्रेक्षकानें चार आण्यांत पद ऐकावें व बाल्कनींतल्यानें त्याचे शब्दहि ओळखावे, यासाठीं उंच सूर, स्वच्छ उच्चार आणि दमदार छाती यांची नटाकडून अपेक्षा असे. पुढें गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला, असा थाट जमला. एवढा साज असून बालगंधर्वांचा कंठ त्याखालीं दबत नसे, याचें श्रेय केवळ त्या कंठास देऊन चालणार नाहीं. सारंगियानें कोठें हात आखडावा आणि तबलजीनें कोठें बोटांवर यावें, ही समज त्यांत होती. आज ज्यास ध्वनिसंयोजन म्हणतात, तें काम वादक स्वतःच, गायकाच्या तोंडाकडे पाहून करीत.

नंतर कर्णा आला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मेणाच्या तबकडीवर घेतलें. ह्या पद्धतींत वीज नव्हती. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, कर्ण्याच्या अरुंद टोकाला एक पातळ चकती, चकतीला सुई, आणि सुई मेणांत नागमोडी रेघ कोरीत जाई. ती सुई चालविण्यास गायकाच्या छातींतल्या वाऱ्यावांचून दुसरी शक्ति नव्हती. म्हणून हळू गाइलें तर रेघच उमटत नसे. आणि एकाएकीं मोठ्यानें गाइलें तर सुई उसळून रेघ बिघडे व तेवढा सूर फाटे. तबकडीवर दुरुस्तीची सोय नव्हती. बिघडलें तर मेण टाकून पुन्हा आरंभ. यावर उपाय एकच, अंतराचा: गायकानें तारसप्तकास जातांना मान मागें घ्यावयाची, खालीं उतरतांना पुन्हा कर्ण्याजवळ आणावयाची. कांहीं ठिकाणीं ध्वनिमुद्रकच गायकाचा खांदा धरून त्यास मागेंपुढें करी. आमच्या मतें पहिलें बटण तें हेंच, माणसाच्या मानेचें.

आणि शेवटचें बटण? घरीं ग्रामोफोन वाजविणाऱ्याच्या हातीं तेंहि जवळजवळ नव्हतें. सुया तीन प्रकारच्या मिळत, मोठ्या आवाजाच्या, मध्यम आणि बारीक. जी घालाल तो आवाज. कर्ण्यांत फडकें कोंबणें हा दुसरा उपाय. १९०६ त अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें व्हिक्ट्रोला नांवाचें कपाटवजा यंत्र काढलें. त्यांत कर्णा पोटांत लपविलेला असून पुढें दोन लहान दारें असत. दारें उघडलीं कीं आवाज मोठा, लोटलीं कीं लहान. दार हेंच बटण! हें सांगतांच भाचा हंसून म्हणाला, "मग तें यंत्र आपल्या गांवांत चाललंच नसतं." ही कोटी आमच्या आधीं त्यास सुचली, याचें आम्हांस थोडें वाईटच वाटलें.

कर्ण्याच्या काळानें आपणांस किती मुकविलें तें पाहावें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. 'स्वयंवरा'च्या ज्या चालींनीं एका पिढीला वेड लावलें त्या त्यांच्या. पण त्यांच्या स्वतःच्या गळ्याची एकहि तबकडी आपणांपाशीं नाहीं. अब्दुल करीम खां यांचें दैव अधिक चांगलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनीं कर्ण्यांत गाइलें, आणि १९३७ त देह ठेवण्यापूर्वीच्या कांहीं वर्षांत ते विजेच्या मायक्रोफोनपुढेंहि गाइले. दोन्ही काळच्या तबकड्या एकामागून एक ऐकाव्या. पहिल्यांत एक धीट, बारीक रेघ ऐकूं येते. दुसऱ्यांत श्वास ऐकूं येतो, सूर लहान होत होत नाहींसा होतो तो ऐकूं येतो. ह्या अंतरांत वयाचा भाग असेलच. पण बराच भाग यंत्राचा आहे. जो गायक मुळांतच हळुवार, त्याची सूक्ष्मता कर्णा कशी टिपणार?

हा पालट १९२५ सालीं झाला. अमेरिकेंत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनीं मायक्रोफोन, निर्वात नळीचा ॲम्प्लिफायर आणि विजेनें चालणारी कोरणी यांची सांगड घातली. आतां सुई गायकाच्या वाऱ्यावर चालत नव्हती. कुजबुज केली तरी वीज तिला हवी तितकी मोठी करून देई. येथेंच आवाजाचें बटण खऱ्या अर्थानें जन्मास आलें, आणि एकाच्या ऐवजीं तीं तीन झालीं, चार झालीं. मायक्रोफोनच्या मागें एक, कोरणीच्या आधीं एक, ऐकणाऱ्याच्या घरीं एक. भाच्याच्या प्रश्नाचा उगम शोधावयाचा तर तो ह्या वर्षाजवळ सांपडतो.

त्याचें शास्त्र फारसें अवघड नाहीं. प्रत्येक कडीला एक तळ असतो आणि एक छत. तळाशीं यंत्राची स्वतःची खरखर असते, आणि तिच्याखालीं गेलेला आवाज बुडतो. छताला लागलेला आवाज फाटतो. पहिल्या कडींत आवाज फार लहान ठेवला आणि पुढच्या कडींत वाढविला, तर पहिलीची खरखरहि त्याबरोबर वाढते. दुधांत पाणी पडल्यावर दूध आटवावें तसें तें होत नाहीं, पाणी वेगळें काढतां येत नाहीं. उलट, पहिल्या कडींत आवाज फाटला, तर पुढें कितीहि लहान केला तरी तो लहान पण फाटलेलाच राहतो. म्हणून जाणत्यांचा नियम असा झाला, कीं आवाज आरंभीं होईल तितका भरपूर घ्यावा, पण छताखालीं बोटभर जागा सोडावी. आणि ऐकण्यापुरता लहानमोठा अगदीं शेवटच्या बटणावर करावा.

मुंबईचें रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'आलम आरा' बोलूं लागला. पुढच्याच वर्षीं कोल्हापुरास प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढला. प्रभातचा ध्वनिविभाग विष्णुपंत दामले यांच्याकडे होता. हे गृहस्थ मूळचे चित्रकलेंतले आणि यंत्रांचे छांदिष्ट. बाबूराव पेंटरांच्या कंपनींत त्यांचा हात तयार झालेला. ह्या कामाचें शिक्षण देणारी शाळा त्या वेळीं कोठें होती? यंत्राची पेटी उघडावयाची, तिच्याबरोबरचें पुस्तक वाचावयाचें आणि कामास लागावयाचें.

त्यांच्यापुढची अडचण आजच्या वाचकानें नीट ध्यानांत घ्यावी. पार्श्वगायनाची रीत तेव्हां रुळलेली नव्हती. नट कॅमेऱ्यापुढें अभिनय करतां करतांच गाई, आणि साजिंदे चौकटीबाहेर बसून साथ करीत. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे होते, म्हणजे रंगभूमीवर मुरलेला गवई. अशा माणसाच्या अंगीं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेंकण्याची संवय हाडींमाशीं भिनलेली. आणि मायक्रोफोन तर हातभर अंतरावर. चित्रपटाच्या ध्वनिपट्टीचें छत त्या काळीं फारच ठेंगणें होतें. गायक तारसप्तकांत गेला कीं बटण खालीं आणावें, आणि तो कुजबुजला कीं वर न्यावें, हें काम करणाऱ्या माणसास गाण्याची पुढची जागा आधींच ठाऊक असावी लागे. जो सारंगिया पूर्वी गायकाच्या तोंडाकडे पाही, त्याच्या जागीं आतां कांचेआड बसलेला एक मनुष्य आला. १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्म्या'त उतरले. रंगभूमीवर ज्यांनीं पंचवीस वर्षें राज्य केलें त्यांचें पडद्यावर तसें बस्तान बसलें नाहीं. याचीं कारणें अनेक सांगतात. पण रात्रभर थिएटर भरून टाकणाऱ्या गळ्याला हातभर अंतरावरचा कान मानवला नसावा, असें आम्हांस वाटतें. पुढच्या पिढीच्या गायकांनीं याच्या उलट केलें. ते मायक्रोफोनलाच श्रोता समजून हळू गाऊं लागले, आणि मराठी भावगीत नांवाचा जो गोड प्रकार आपण घरोघर ऐकतों तो ह्या हळू गाण्यांतून वाढला.

इतके दिवस हें सर्व कानाच्या अंदाजानें चाले. मोजण्याचें माप टेलिफोनवाल्यांनीं दिलें. शेंकडों मैलांच्या तारेंत आवाज किती झिजतो आणि कोठें किती वाढवावा याचा हिशेब ठेवण्यासाठीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९२० नंतरच्या दशकांत डेसिबल हें माप रूढ केलें. नांव अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरून. १९३९ त त्याच प्रयोगशाळेनें दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांच्या सहकार्यानें एक कांटा ठरविला. त्यास व्हीयू मीटर म्हणतात. पांढरट तबकडी, डोलणारा कांटा, उजवीकडे तांबडा पट्टा. जगांतील बहुतेक ध्वनिमुद्रणगृहांत पुढें हाच कांटा अथवा त्याचा भाऊबंद बसला. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पुणें आकाशवाणीवरून माडगूळकर-फडके यांचें 'गीतरामायण' सुरू झालें. आठवड्याला एक, अशीं छप्पन गीतें वर्षभर चाललीं. तीं ऐकतांना महाराष्ट्रानें डोळे पुसले. त्या वेळीं कांचेआड कोणी तरी कोरड्या डोळ्यांनीं कांट्याकडे पाहत बसलेला असणार, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कांटा तांबड्यांत गेला असता, तर रडूं आलें असतें तें वेगळ्या कारणानें.

आतां संगणकाकडे वळूं. १९८२ सालीं काँपॅक्ट डिस्क बाजारांत आली, आणि आवाज ही रेघ न राहतां आंकड्यांची यादी झाली. सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाची उंची मोजावयाची आणि ती ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसवावयाची. संगणकास गळा देणारें कार्ड प्रथम खेळांच्या हौसेनें आलें: १९८७ त ॲडलिब, १९८९ त सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर. त्या पहिल्या साउंड ब्लास्टरला पायऱ्या अवघ्या २५६. तीन वर्षांनीं त्याच कंपनीनें ६५,५३६ पायऱ्यांचें कार्ड काढलें. आज सामान्य संगणकांतहि त्याहून पुष्कळ सूक्ष्म मोजणी होते.

आंकड्यांच्या ह्या राज्यांत तळ आणि छत यांचे स्वभाव बदलले. जुनी फीत छताला लागली कीं आवाज वांकवीत असे. थोडा वांकलेला आवाज कानाला कित्येकदां गोडहि लागे. आंकड्यांचें छत दगडी आहे. शेवटच्या पायरीवर चढलेल्या आवाजास पुढची पायरीच नसल्यामुळें त्याचें डोकें सपाट कापलें जातें, आणि कडकड असा निष्ठुर आवाज येतो. तळाकडे पाहिलें तर तेथेंहि हिशेब आहे. पडद्यावरची पट्टी खालीं आणली कीं संगणक प्रत्येक आंकडा लहान करितो. दर सहा डेसिबलला पायऱ्या निम्म्या होतात. सोळा बिटांच्या मोजणींत पट्टी अठ्ठेचाळीस डेसिबल खालीं आणली, तर ६५,५३६ पायऱ्यांपैकीं २५६ च उरल्या, म्हणजे १९८९ सालच्या त्या कार्डावर आपण परत गेलों. चोवीस बिटांच्या यंत्रांत हें भय बरेंच कमी. परंतु साउंड कार्डाची विजेची खरखर आहे तेवढीच राहते, आणि पुढचा ॲम्प्लिफायर तिला आवाजाबरोबर मोठी करितो. ॲम्प्लिफायर पूर्ण उघडा ठेवून पट्टी खालीं ठेवण्यांत आणखी एक धोका आहे. संगणकानें एखादी घंटा पूर्ण आवाजांत वाजविली, कीं ती सरळ कानांत बसते.

मग पट्टी पूर्ण आणि बटण कमी, एवढें सांगून सुटतां आलें असतें. पण भाच्यानें तसें करून पाहिलें, तेव्हां निराळेंच विघ्न निघालें. त्याच्या ॲम्प्लिफायरचें बटण थोडेंसें उघडतांच आवाज असह्य होई. म्हणजे तें नेहमीं तळाच्या केंसभर जागेंतच फिरवावें लागे. अशा स्वस्त बटणाच्या पोटांत डाव्या-उजव्या कानांसाठीं दोन पट्ट्या असतात, आणि अगदीं आरंभीं त्या दोन्ही क्वचितच सारख्या चालतात. त्यामुळें गाणें डाव्या कानाकडे कलंडलें. येथें शुद्ध नियम सोडून तडजोडच करावी लागते. ज्या ॲम्प्लिफायरला जोर कमी करण्याची खुंटी आहे, तेथें ती प्रथम खालीं करावी. भाच्याच्या डबीला ती नव्हती. म्हणून पट्टी दहाबारा डेसिबल खालीं आणली, बटण घड्याळांतल्या दहाच्या कांट्यापाशीं गेलें, आणि दोन्ही कान सारखे झाले. दहाबारा डेसिबल म्हणजे दोन बिटांची हानि. ती कानास समजत नाहीं. कलंडलेलें गाणें लगेच समजतें.

दार नसलेल्या घरांत ह्या हिशेबांत आणखी एक तळ मिळतो, तो रस्त्याचा. ट्रॅक्टर जवळ आला कीं हात आपोआप बटणाकडे जातो, आणि ट्रॅक्टर गेला तरी बटण परत येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सुरक्षित ऐकण्याचें जें मान सांगितलें तें प्रौढांसाठीं ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. आणि दर तीन डेसिबलला हा काल निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. लाउडस्पीकरासाठीं सरकारचे २००० सालचे नियम आहेत, रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत तो उघड्यावर वाजवूं नये असें ते सांगतात. हेडफोनवर मात्र कोणाचा पहारा असणार? आम्हीं भाच्यास बाहेरचा आवाज अडविणारे, बंद वाट्यांचे हेडफोन घेण्यास सांगितलें. तो म्हणाला, "म्हणजे कानाला दार." यावर आम्ही गप्प बसलों.

आतां ती पहिली कॅसेट. कांहीं वर्षांपूर्वी आम्हीं ती आमच्या घरींच संगणकांत उतरविली. रात्रीची वेळ होती. घरांतील कोणी जागें होऊं नये म्हणून आम्हीं हेडफोन लावले होते, आणि हेडफोनच्या ॲम्प्लिफायरचें बटण आदल्या दिवसाचें खालीं राहिलेलें होतें. मातोश्रींचा आवाज फार दूरचा वाटला. तो जवळ यावा म्हणून आम्हीं शेवटचें बटण फिरवावयाचें तें न फिरवितां ध्वनिमुद्रणाची पट्टी, म्हणजे पहिलें बटण, वर नेलें. कानाला बरें वाटूं लागलें. पडद्यावर तांबडी खूण लुकलुकत होती. पण आमचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या दिवशीं ॲम्प्लिफायर नीट लावून ऐकतों तों ओवीच्या प्रत्येक चढत्या शब्दावर ती कडकड! जात्याची घरघर स्वच्छ, आणि आईचा आवाज फाटलेला. पुन्हा उतरवावी म्हणून कॅसेट लावली, तों जुनी फीत यंत्राच्या चाकांत गुरफटून तुटली. सांधून पाहिली, पण सुरकुतलेल्या भागांतून कांहीं निघेना. तो दोष यंत्राचा नव्हता. कर्ण्यापुढें गायकाची मान धरणाऱ्या माणसाला जें ठाऊक होतें, तें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक असून हातांत नव्हतें.

शिंगणापुरास आम्हीं मध्यरात्र निवडली. ट्रॅक्टर थांबले होते. प्रथम कॅसेट दोन बोटें पुढें मागें फिरवून तिची गुंडाळी सैल केली. मग हेडफोन बाजूस ठेवून, केवळ पडद्यावरच्या मापाकडे पाहत, अगदीं मोठी ओवीसुद्धां छताखालीं बारा डेसिबल राहील अशी पहिली पट्टी लावली. फितीची मूळची खरखरच इतकी असते, कीं एवढी जागा सोडल्यानें कांहीं बुडत नाहीं. ऐकण्यापुरता आवाज ॲम्प्लिफायरवर ठरविला आणि त्या पट्टीस पुन्हा हात लावावयाचा नाहीं असें ठरविलें. भाचा मापापाशीं बसला, आम्ही हेडफोन घेऊन बसलों. तिसऱ्या ओवीला मातोश्रींनीं सूर चढविला. आमचा हात उगीच पुढें गेला. भाच्यानें तो धरून ठेविला. माप हिरव्यांतच होतें.

बाजू संपतां संपतां जातें थांबलें, बांगड्या वाजल्या, आणि आई कोणाला तरी, बहुधा आम्हांसच, म्हणाली, "बंद कर रे तें आतां. दळण संपलं."